इंदुरात भाड्याचं घर: घरात गाडी कोण चालवत नाही, ते आधी बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मिस्टरांची बदली पीथमपूरच्या कारखान्यात झालीय आणि जूनच्या आत तुम्हाला नाशिकहून इंदूरला यायचंय. घरात तुम्ही दोघं, आठवीत जाणारी मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई. कार एकच आहे, ती मिस्टर नेणार. तुम्हाला स्कूटर येत नाही. दीर म्हणतात विजयनगर घ्या, मॉल, हॉटेलं, सगळं तिकडे आहे. ओळखीचे म्हणतात राजेंद्रनगर घ्या, तिथे आपली मराठी माणसं आहेत. आणि तुम्ही विचारलंय, या दोन्हींत चांगला एरिया कोणता?

मी गेली बावीस वर्षं इंदुरात भाड्याची घरं दाखवतो. माझं काम जास्त करून शहराच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूला असतं, त्यामुळे माझा कल थोडा इकडे झुकणार, हे धरूनच वाचा. पण "चांगला एरिया" या शब्दावर मी घर सुचवत नाही. दोन्ही एरिया चांगले आहेत. तुमची अडचण वेगळी आहे. सकाळी कार गेली की संध्याकाळपर्यंत तुमच्या घरातल्या तिघींकडे गाडी नाही. दूध संपलं, मुलीची वही संपली, सासूबाईंना बीपीची गोळी हवी, कुणाला बँकेत जायचंय, ही सगळी कामं त्याच दहा-बारा तासांत येतात. तेव्हा घर निवडायचं ते या तिघींच्या पायांनी. कारवाल्या माणसाला कुठलंही घर चालतं.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. मुलीची शाळा ठरली असेल तर निम्मा निर्णय शाळेनेच करून टाकलाय, मग शाळेच्या व्हॅनचा मार्ग विचारा आणि त्याच मार्गावर घर बघा. तुम्ही स्वतः पुढेमागे नोकरी करणार असाल आणि ती सुपर कॉरिडॉर, म्हणजे विमानतळाकडच्या नव्या रुंद रस्त्यावरच्या टीसीएस-इन्फोसिसच्या बाजूला असेल तर माझं उत्तर बदलेल. विजयनगरकडे नोकरी मिळाली तरी बदलेल. यातलं काहीच नाही असं धरून पुढचं लिहितोय.

आता दिशा. पीथमपूर इंदूरच्या नैर्ऋत्येला. राजेंद्रनगरहून एबी रोडने, म्हणजे जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने, राऊ आणि राऊहून पुढे पीथमपूर, असा सरळ मार्ग आहे. विजयनगर शहराच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येला. तिथून निघालं की सकाळी आधी अख्खं शहर ओलांडा किंवा बायपासला वळसा घाला, आणि मग कुठे राऊ येणार. रोजचे जाता-येता मिळून दीड-पावणेदोन तास वाढतील, आणि ते मिस्टरांच्या झोपेतून आणि मुलीच्या अभ्यासाला बसण्याच्या वेळातून जातील. आणखी एक करा. पीथमपूरच्या बऱ्याच कारखान्यांच्या स्वतःच्या बसेस आहेत. मिस्टरांच्या ऑफिसात विचारा, त्यांची बस कुठून उचलते. त्या थांब्याच्या जवळ घर मिळालं तर कार घरीच राहील आणि तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. घर शोधायच्या आधी हे विचारणारे लोक मला फार कमी भेटलेत.

बारा-तेरा वर्षांपूर्वी साताऱ्याचं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. मुलगा, सून, आजी. मी त्यांना बायपासच्या बाजूला एका नव्या टाउनशिपमध्ये सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला. लिफ्ट, बाग, सिक्युरिटी, खाली छोटंसं दुकान. सगळ्यांना आवडला, आजींनासुद्धा. दोन महिन्यांनी कसल्यातरी कागदासाठी मी गेलो तर आजी बाल्कनीत बसून होत्या. मला म्हणाल्या, "अरे, इथे सगळं आहे, फक्त जायला कुठे नाही." साताऱ्यात त्या रोज देवळात आणि भाजीला चालत जायच्या. इथे फाटकाबाहेर पाऊल टाकलं की समोर ट्रक. आठ महिन्यांनी ते लोकमान्यनगरात तळमजल्यावर आले. सामान हलवायचा खर्च, सोसायटीत बुडालेलं डिपॉझिट, सगळं त्यांच्या अंगावर पडलं. घर मीच दाखवलं होतं, त्याची टोचणी मला आजही आहे. तेव्हापासून एक सवय लावून घेतली. ज्या घरात कुणी म्हातारं माणूस आहे किंवा गाडी न चालवणारं कुणी आहे, त्यांना मी घराच्या दारापर्यंत गाडीने नेत नाही. जवळच्या बसथांब्यावर उतरवतो आणि तिथून चालत घरी घेऊन जातो. घराबद्दलचं बरंचसं त्या चालण्यातच कळतं.

तर तुमच्यासाठी मी तीन ठिकाणं बघेन: राजेंद्रनगर, लोकमान्यनगर-केसरबाग रोडचा पट्टा आणि सुदामानगर.

राजेंद्रनगर ही जुनी वसाहत. प्लॉटवर बांधलेली स्वतंत्र घरं, बऱ्याच घरांत खाली मालक आणि वर भाडेकरू. मराठी घरं इतकी की गणपतीत गल्लीतून फिरताना मालव्यात आहोत हे विसरायला होतं. सासूबाईंना दुपारी दोन शब्द बोलायला शेजार मिळेल, याची किंमत भाड्याच्या करारात लिहिलेली नसते, पण मी ती धरतो. कॅट रोड इथून जवळ. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचं जुनं नाव कॅट, त्यावरून रस्त्याचं नाव पडलं. त्या बाजूला नव्या कॉलन्या पुष्कळ झाल्यात. दलाल त्यांनाही "राजेंद्रनगर" म्हणूनच सांगतात. तिथली घरं नवी, मोठी, पण मुख्य रस्त्यापासून आत आत जावं लागतं. जाहिरातीत नाव राजेंद्रनगर असलं तरी घर एबी रोडपासून किती पावलांवर आहे ते विचारा.

राजेंद्रनगरात एका गोष्टीकडे माझं फार लक्ष असतं: घर एबी रोडच्या कुठल्या बाजूला आहे. एबी रोड रुंद आहे, वाहनं जोरात असतात. सत्तरीच्या माणसाला तो रोज ओलांडायला लावणं म्हणजे त्यांना घरात बसवून ठेवणं. किराणा, भाजी, औषध, दवाखाना, या चार गोष्टी रस्ता न ओलांडता मिळत असतील तर घर घ्या. बस जाताना नाहीतर येताना पलीकडे थांबणारच, ते टळत नाही. पण ते रोजचं नाही.

लोकमान्यनगर आणि केसरबाग रोड त्याहून शांत. मराठी वस्ती तिथेही आहे. लोकमान्यनगरला रेल्वेचं छोटं स्टेशन आहे आणि राजेंद्रनगरलाही आहे. इंदूर-महू मार्गावर सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ अशी स्टेशनं येतात. महू स्टेशनचं आताचं नाव डॉ. आंबेडकर नगर. दिवसातून काही मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे रोजच्या बाजारहाटाला रेल्वेचा उपयोग नाही. पण गाडीची वेळ जुळली तर इंदूर स्टेशनला पोचायला यापेक्षा सोपा मार्ग नाही, आणि माहेरी जायची गाडी पकडताना याचा अर्थ कळतो.

सुदामानगर दाट. सेक्टरांत वाटलेली मोठी कॉलनी, स्वतःचा बाजार, शिंपी, चक्की, स्टेशनरी, डॉक्टर, सगळं गल्लीच्या तोंडावर. अन्नपूर्णेचं देऊळ जवळ, दसरा मैदान जवळ. पायी चालणाऱ्या माणसाला तिन्हींत सगळ्यात सोयीचं हेच. अडचण घराच्या आत आहे. प्लॉट लहान, वर मजले चढवलेले, जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट नाही. भाड्याला बहुतेक दुसरा मजला मिळतो. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. तळमजला मिळाला तर सुदामानगर घ्या, दुसरा मजला असेल तर डोळे मिटून नाही म्हणा. शिवाय कार ठेवायला जागा मिळणं मुश्कील, रात्री शेजाऱ्यांशी रोजची धुसफूस.

राऊ पीथमपूरला आणखी जवळ आणि भाडं कमी. पण त्या बाजूच्या सुट्या कॉलन्यांत दिवसभर गाडीशिवाय राहणं तुम्हाला जड जाईल. मुलगी मोठी झाली, तुम्ही स्कूटर शिकलात, की मग विचार करा.

विजयनगरबद्दल दिरांचं म्हणणं खोटं नाही. रस्ते रुंद, दुकानं भरपूर, एमआर-10 च्या बाजूला फिनिक्स सिटाडेल मॉल. पण महिन्यातून मॉलमध्ये किती वेळा जाल? आणि भाजीला किती वेळा?

खरेदीचं आता जरा सविस्तर सांगतो, कारण इंदूर त्या बाबतीत नाशिकपेक्षा वेगळं आहे. इथे रोजचा बाजार कॉलनीत असतो, मोठा बाजार अजूनही जुन्या शहरात. राजवाड्याभोवती एकेका मालाची वेगळी पेठ. कापडासाठी महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, साड्यांसाठी सीतलामाता बाजार, भांड्यांसाठी बर्तन बाजार, शाळेच्या पुस्तकांसाठी खजुरी बाजार, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी जेल रोड, सोन्यासाठी सराफा. वर्षाचा किराणा, डाळी, मसाले भरायचे तर स्टेशनजवळ सियागंज. सियागंज घाऊक आहे, चार घरांनी मिळून गेलात तर भावात फरक पडतो. राजेंद्रनगरातल्या बायका उन्हाळ्यात असंच करतात, तुम्हालाही घेऊन जातील.

भाजी-फळांसाठी राजेंद्रनगर-केसरबागच्या लोकांना चोइथराम मंडी जवळ पडते. ही शहराची मुख्य घाऊक मंडी, अहिल्याबाईंच्या नावाची. बटाटा, कांदा, लसूण पोत्यांनी उतरतो. पण ती तुमच्या रोजच्या भाजीची जागा नाही. ट्रक, हातगाड्या, चिखल. वर्षाचा लसूण घ्यायला मिस्टरांबरोबर रविवारी सकाळी जा. रोजच्या भाजीसाठी गल्लीत ठेलेवाले येतात. घर बघायला याल तेव्हा शेजारणीला एवढं विचारा, ठेला किती वाजता येतो आणि दारात थांबतो का. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट घरी करून विकणाऱ्या मराठी बायका या पट्ट्यात आहेत, शेजारातूनच पत्ता कळेल.

एवढ्यावरून थोडक्यात: रोजचं सगळं चालत मिळायला हवं, महिन्याचं बसने, वर्षाचं कारने. ज्या घरात रोजच्या गोष्टीलाच बस लागते ते घर तुमच्यासाठी नाही.

बसबद्दल तुम्ही विचारलंय, "सिटी बस भरवशाची आहे का?" मुख्य रस्त्यावर आहे, आतल्या गल्लीत नाही. शहराची बससेवा चालवणारी कंपनी 2005 मध्ये उभी राहिली. तिच्या बसेस आणि त्यांच्या जोडीला मॅजिक (टाटांच्या छोट्या शेअर गाड्या), व्हॅन, ई-रिक्षा असा सगळा कारभार आहे. चलो ॲपवर बस कुठे आलीय ते दिसतं. ते मुलीच्याच नाही, तुमच्याही फोनवर घ्या.

राजेंद्रनगरहून शहरात यायचं म्हणजे एबी रोडने राजीव गांधी चौराहा, पुढे भंवरकुआ. भंवरकुआच्या चौकात खंडवा रोडला फाटा फुटतो, तिथेच विद्यापीठ. राजीव गांधी चौराह्यापासून पलीकडे निरंजनपूरपर्यंत साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखून ठेवलेला, मार्ग होता. 2013 पासून त्यावर आयबस धावायची. स्वतंत्र रांग, मधोमध थांबे, सपाट फलाट, म्हणून म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने तो मार्ग काढायला परवानगी दिली. मला स्वतःला वाईट वाटलं, कारण माझे कितीतरी बिनगाडीचे भाडेकरू त्या बसच्या भरवशावर राहत होते. जुने व्हिडिओ बघून कुणी तुम्हाला "आयबसची वेगळी रांग आहे, दहा मिनिटांत पोचाल" म्हणालं तर तो हिशेब आता धरू नका. बस इतर गाड्यांबरोबर रस्त्यावरून चालली की सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी सहाला वेळ लागतोच. तुमची बँक, दवाखान्याची कामं अकरा ते चारच्या मध्ये बसवा, तुम्हाला तर ते जमण्यासारखं आहे.

मेट्रोचंही स्पष्ट सांगतो, कारण सध्या प्रत्येक जाहिरातीत मेट्रो आहे. 31 मे 2025 ला जी सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर, पाच स्थानकं, साधारण 6 किलोमीटर. पुढची आखणी विमानतळ, राजवाडा, स्टेशन, विजयनगर अशी वळसा घेत परत सुपर कॉरिडॉरला मिळते. राजेंद्रनगर, केसरबाग, सुदामानगर या वळशात येत नाहीत. या भागात कुणी "मेट्रो येणार" म्हणून भाडं वाढवून मागितलं तर एक रुपया वाढवू नका.

राजवाड्याला स्वतःची कार घेऊन जाऊ नका, बसने किंवा व्हॅनने जा. तिथल्या गल्ल्या पायी फिरायच्या आहेत, ई-रिक्षाही तिथे मुंगीच्या पावलांनी सरकते. रात्री सराफ्यात खायला जायचं तर मात्र उलट. सोन्याची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात, तेव्हा परतीला बस मिळत नाही. त्या दिवशी मिस्टरांना घेऊन जा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, या दोन दिवशी राजवाड्याकडचे रस्ते गर्दीने भरलेले असतात. बघायला जरूर जा, पण त्या दिवशी तिकडचं दुसरं काम ठेवू नका.

सासूबाईंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खंडवा रोडला विद्यापीठाच्या सभागृहात सानंद न्यासातर्फे मराठी नाटकं होतात, मुंबई-पुण्याची मंडळी येतात. राजेंद्रनगरहून ते अंतर फार नाही, शेजारच्या बायका रिक्षा करून एकत्र जातात. साताऱ्याच्या त्या आजींना लोकमान्यनगरात आल्यावर अशीच सोबत मिळाली. पुढची सहा वर्षं, जाईपर्यंत, त्यांनी एक नाटक चुकवलं नाही.

आता घराच्या आतलं दोन शब्दांत. इंदूरला पाणी नर्मदेचं, जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून चढवून आणलेलं, 1978 पासून. बहुतेक भागांत ते एक दिवसाआड येतं. म्हणून मालकाला "पाणी आहे का" असं विचारू नका, "नर्मदेचं कनेक्शन आहे का, टाकी केवढी, बोअर मे महिन्यात आटतं का" असं विचारा. शहराच्या हद्दीत 2014 मध्ये 29 गावं आली, त्यातल्या काही भागांत नवी घरं झाली पण उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो. राजेंद्रनगर-सुदामानगरच्या जुन्या घरांत ही धास्ती कमी. आणि कचऱ्याची गाडी सकाळी येते, ओला-सुका वेगळा नसेल तर घेत नाही. 2017 पासून शहर स्वच्छतेत पहिलं आहे ते याच शिस्तीने. पहिल्याच आठवड्यात डबे वेगळे करा.

शेवटी, टोकन नाशिकहून फोनवर पाठवू नका. फोटोत जिना दिसत नाही आणि गल्लीत कुत्री किती आहेत तेही दिसत नाही. मे महिन्यात दोन दिवस या, मधल्या वारी, आणि सासूबाईंना घेऊन या. आवडलेल्या घरापासून जवळच्या थांब्यापर्यंत संध्याकाळी दिवेलागणीला तुम्ही तिघी चालत जा, दिवे कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते बघा. मग भंवरकुआपर्यंत बसने जाऊन परत या. चढताना त्यांना हात देऊ नका, पायरी त्यांची त्यांना चढू द्या. त्या चढल्या, उतरल्या, परत घरापर्यंत न थांबता आल्या, की त्याच संध्याकाळी मालकाला टोकन देऊन टाका, कारण जूनमध्ये तळमजल्याची घरं उरत नाहीत.